कडा स्वच्छ होत्या, मग गाठ परत का आली?

तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होते. गालाचा भाग काढतात, कधी जबड्याचा तुकडा जातो, छातीचे किंवा मांडीचे मांस-कातडे आणून तिथे बसवतात. काही दिवसांनी तपासणीचा कागद येतो आणि त्यात लिहिलेले असते की काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि वर्ष सरायच्या आत त्याच गालात, टाक्यांच्या शेजारी, पुन्हा गाठ लागते. पणदरे आणि नीरा डाव्या कालव्याच्या काठच्या गावांतून हाच अनुभव आम्हाला वेगवेगळ्या घरांतून ऐकायला मिळाला आहे. त्यामागून येणारे प्रश्नही तेच असतात. डॉक्टरांनी फसवले का? कागद खोटा होता का? की लोखंड लागले म्हणूनच आजार पसरला?

बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. कागद खरा असतो, डॉक्टरांचा हातही नीट चाललेला असतो, आणि चाकू लागल्याने कर्करोग पसरतो हे तर खरे नाहीच. तरी आजार परततो. का परततो, याचे उत्तर शोधताना गेल्या तीस वर्षांत शास्त्रज्ञ पेशीच्या आतल्या एका खात्यापर्यंत पोचले आहेत. त्या खात्याचे नाव जरा अवघड आहे : आरएनएला धरणारी प्रथिने. नाव अवघड असले तरी काम समजायला अवघड नाही. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तर मुळीच नाही.

कारखान्याच्या शेतकी विभागात उसाच्या लागवडीची नोंद असते. ते रजिस्टर ऑफिस सोडून कुठे जात नाही. आपल्या उसाची पाळी आली की त्या नोंदीवरून तोडणीची स्लिप निघते. स्लिपबॉय ती फडावर आणतो, टोळी येते, ऊस तुटतो, गाडी काट्यावर जाते आणि त्या स्लिपचे काम संपते. पेशीतही असेच चालते. डीएनए म्हणजे ते रजिस्टर, पेशीच्या केंद्रकात बंद. आरएनए म्हणजे त्यावरून निघालेली स्लिप. आणि स्लिप वाचून जे तयार होते ते प्रथिन, म्हणजे प्रत्यक्ष काम. माणसाच्या पेशीत प्रथिने बनवणाऱ्या नोंदी सुमारे २०,००० आहेत.

आता मधल्या माणसाचा विचार करा. नोंद बरोबर आहे, स्लिपही निघाली आहे, पण स्लिपबॉयने ती खिशातच ठेवली तर ऊस उभा राहतो. त्याने एखाद्याची स्लिप पुढे काढली तर मागचा ऊस आधी जातो. रजिस्टरातले एक अक्षरही न बदलता फडावर काय काय बदलू शकते, हे पणदऱ्याच्या शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. पेशीतल्या या मधल्या माणसांना आरएनएला धरणारी प्रथिने म्हणतात. माणसाच्या शरीरात ती सुमारे दीड हजार प्रकारची आहेत. आरएनएची कच्ची प्रत कातरून जोडणे, ती केंद्रकाबाहेर नेणे, जपून ठेवणे, वेळ झाली की फाडणे, आणि तिच्यावरून किती काम करून घ्यायचे ते ठरवणे, ही सगळी कामे त्यांची.

वाढीचा हुकूम देणाऱ्या स्लिपा निरोगी पेशीत फार थोडा वेळ टिकतात. जखम झाली, कातडी भरून यायची आहे, तर पेशी वाढा असा हुकूम निघतो, आणि थोड्याच वेळात तो फाडलाही जातो. फाडणे हे इथे फार मोलाचे काम आहे. हुकूम फाडलाच गेला नाही तर पेशी वाढतच राहतात.

डोके-मानेच्या कर्करोगात नेमके हेच बिघडलेले दिसते. (डोके-मान म्हणजे मेंदू नव्हे. जीभ, गाल, हिरडी, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकामागचा भाग, यांचे कर्करोग या गटात येतात.) एचयूआर नावाचे एक प्रथिन आहे. निरोगी पेशीत ते बहुतांशी केंद्रकात असते. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत ते मोठ्या प्रमाणात केंद्रकाबाहेर पडलेले आढळते. बाहेर येऊन ते वाढीच्या आणि सूज आणणाऱ्या स्लिपांना चिकटते आणि त्या फाडू देत नाही. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर हे तपासले. प्रयोगशाळेत त्या पेशींमधले एचयूआर कमी केले, तेव्हा पेशींचा आक्रमकपणा उतरला.

दुसरे प्रथिन एचएनआरएनपी-के. याचा अभ्यास आपल्याच देशात, दिल्लीच्या एम्समधल्या रुग्णांच्या नमुन्यांवर झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. निरोगी तोंडापेक्षा पांढऱ्या चट्ट्यात हे प्रथिन वाढलेले होते. म्हणजे गाठ दिसायच्या आधीच खात्यात गडबड सुरू झालेली असते. कर्करोग झालेल्या ज्या रुग्णांत ते केंद्रकाबाहेर सापडले, त्यांचा आजार पुढे जास्त वाईट गेला. तिसऱ्याचे नाव आयएमपी-३. हे गर्भातल्या बाळाच्या वाढीच्या काळात कामावर असते आणि मोठ्या माणसाच्या बहुतेक अवयवांत निवृत्त झाल्यासारखे गप्प बसते. अनेक कर्करोगांत, तोंडाच्याही, ते पुन्हा कामावर आलेले दिसते. पोटातल्या बाळाने ज्या वेगाने वाढायचे, तो वेग पन्नाशीच्या माणसाच्या गालात सुरू झाला तर काय होईल याची कल्पना करा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. त्याचा धागा चौथ्या प्रथिनाशी जुळतो. ईआयएफ-४ई हे त्याचे नाव. आरएनएच्या सुरुवातीला एक टोपी असते, ती हे प्रथिन धरते आणि स्लिप कामाच्या जागी पोचवते. हे प्रमाणात असले तर पेशी आपल्या मापात काम करते. ते वाढले की एरवी मागे पडणारे हुकूम, विशेषतः वाढीचे आणि नव्या रक्तवाहिन्या काढण्याचे, पुढे घुसतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट येथील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांचे काढलेले भाग तपासले. गाठीत हे प्रथिन वाढलेले होतेच, पण त्यांनी कडाही तपासल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या कडांत कर्करोगाची एकही पेशी दिसत नव्हती, कागदावर ज्या स्वच्छ होत्या, त्यांतल्या बऱ्याच कडांत ईआयएफ-४ई वाढलेले निघाले. आणि अशाच रुग्णांत आजार परतण्याचे प्रमाण खूप जास्त होते.

म्हणजे सूक्ष्मदर्शक पेशीचा चेहरा पाहतो. चेहरा अजून निरोगी दिसतो, पण आत स्लिपांचा कारभार बिघडलेला असतो. कागद खोटा नव्हता. जे दिसते ते त्याने सांगितले.

या कालव्याच्या पट्ट्यातल्या माणसाला याहून सोपी खूण देता येईल. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि त्याच्या पाण्याने इथे हिरवळ आणली. त्याच पाण्याच्या अतिवापराने कितीतरी जमिनी चोपण झाल्या. अशा रानात एखाद्या कोपऱ्यात पांढरे फुटते. तेवढी माती खरवडून टाकली तर जमीन सुधारते का? पुढच्या उन्हाळ्यात शेजारी फुटते, कारण मीठ रानभर मुरलेले असते. तोंडाचेही तसेच आहे. वीस वर्षे एकाच गालात तंबाखूचा बार धरला तर रस तेवढ्या एका जागेवर थांबत नाही. सगळ्या गालाची, हिरडीची, जिभेच्या कडेची त्वचा त्यात भिजलेली असते. गाठ एका जागी आली, पण शेजारची त्वचाही अर्ध्या वाटेवर पोचलेली असते. शिकागोच्या स्लॉटर या डॉक्टरांनी १९५३ मध्येच हे मांडले होते. तेव्हा आरएनएला धरणारी प्रथिने कोणाला माहीत नव्हती. त्यांनी फक्त गाठीच्या आजूबाजूचा भाग नीट पाहिला होता.

आपल्याकडे तर त्याही आधी, १९४४ मध्ये, टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. परदेशात तोंडाचा कर्करोग बराचसा जिभेवर आणि तोंडाच्या तळाशी येतो. आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या खाचेत येतो, म्हणजे जिथे चिमूट ठेवतो तिथे. म्हणूनच जगातल्या देशांनी एकेका कर्करोगाचे जनुकीय वाचन वाटून घेतले, तेव्हा भारताने गाल-हिरडीचा कर्करोग घेतला. खारघरची अॅक्ट्रेक ही टाटाचीच संशोधन संस्था आणि बंगालमधील कल्याणीची संस्था यांनी ते काम करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात रजिस्टरातल्या चुका सापडल्या. काही जगभर दिसणाऱ्या होत्या, काही आपल्या रुग्णांत नव्याने दिसलेल्या. रजिस्टर वाचून झाले म्हणूनच आता स्लिपांच्या कारभाराकडे इतके लक्ष जात आहे.

तंबाखूबद्दल इथे दोन शब्द बोलणे भाग आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे आढळले, आणि त्यातले बहुतेक धूर न काढता, तोंडात धरून. बायांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. आमचा अनुभव असा की वस्तीत बायांना तंबाखू खाता का असे विचारले तर उत्तर येते, छे, फक्त मशेरी लावते. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. सकाळी दाताला लावायची म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा होते. फडावर ऊसतोडीला आलेल्या जोडप्याला विचारा, तंबाखू-चुना कशासाठी? भूक मरते, झोप उडते, मोळी डोक्यावर घेताना अंग हलके वाटते. पोट भरलेल्या माणसाने त्यांना व्यसनावर प्रवचन देणे आम्हाला तरी पटत नाही. ज्या कामात सकाळची भाकर वेळेवर मिळत नाही, त्या कामाने तंबाखू जिवंत ठेवली आहे. हे मान्य करूनही त्या तंबाखूने जे होते ते होतेच.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. दुकानात मग मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा दोन पुड्या मिळतात, आणि तोंडात गेल्यावर त्यांचा गुटखा होतो. मावा तर समोरच घोटून मिळतो. साध्या सुपारीला निरुपद्रवी समजणारेही चुकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, २००४ मध्ये कर्करोग करणारी म्हणून नोंदवले आहे. तोंड आखडत जाणे, तिखट न सोसणे, घास घेताना जबडा न उघडणे, हे बरेचसे सुपारीचे देणे आहे.

मग या प्रथिनांच्या ज्ञानाचा आज आपल्याला उपयोग काय? सरळ सांगतो. आज एचयूआर किंवा ईआयएफ-४ई रोखून तोंडाचा कर्करोग बरा करणारे मान्यताप्राप्त औषध बाजारात नाही. कावीळ-सी साठी वापरले जाणारे रायबाविरिन हे जुने औषध ईआयएफ-४ई ला अडवते असे दिसल्यावर त्याच्या छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण ते उपचार म्हणून ठरलेले नाही. मेडिकलमधून आणून घेण्याचे ते औषध नाही, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. तोंडाच्या कर्करोगाचा उपचार ठरवण्यासाठी या प्रथिनांची चाचणी करणे हा आज नेहमीच्या उपचाराचा भाग नाही. म्हणून कोणी मोबाईलवर जनुकाची किंवा प्रथिनाची महाग चाचणी दाखवून ऑपरेशन टाळता येईल म्हणाला, तर दागिने मोडण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. गाठ काढायला उशीर होणे हेच सर्वांत महाग पडते.

उपयोग आहे तो वेगळ्या जागी. कडा स्वच्छ असूनही धोका संपत नाही, हे एकदा समजले की ऑपरेशननंतरची दोन वर्षे वेगळी जगावी लागतात. परतणाऱ्या आजारांपैकी बहुतेक या दोन वर्षांतच परततात. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी दाखवायला बोलावतात ते याचसाठी. आता बरे वाटते, कशाला गाडीभाडे घालवायचे, असे म्हणून फेऱ्या चुकवलेले रुग्ण आमच्या पाहण्यात आहेत. सेकाची, म्हणजे रेडिएशनची, गरज सांगितली असेल तर तो ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा आणि मध्ये खंड पडता कामा नये. कडांत उरलेल्या, चेहऱ्याने निरोगी दिसणाऱ्या पेशींवर तो चालतो. आणि ऑपरेशननंतर पुन्हा मशेरी लावणे म्हणजे चोपण रानाला पुन्हा पाटाचे पाणी सोडणे.

कागद वाचायलाही शिकले पाहिजे. कड पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ती स्वच्छ धरतात. त्याहून कमी असेल तर जवळची म्हणतात, आणि एक मिलिमीटरच्याही आत पेशी आल्या तर कड बाधित समजतात. गाठ किती खोल गेली होती ते मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते, मानेतल्या किती गाठी काढल्या आणि किती बाधित निघाल्या तेही असते. हे तीन आकडे डॉक्टरांना विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

मानेचा विषय निघाला म्हणून सांगतो. मानेला गाठ लागत नसताना मान का उघडली, असे नातेवाईक रागाने विचारतात. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला आणि २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगात ज्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हा अभ्यास आपल्याच माणसांवर, आपल्याच आजारावर झालेला आहे आणि त्याने जगभरची पद्धत बदलली.

तरी आजच्या घडीला सगळ्यांत जास्त जीव वाचवणारे साधन कोणते, असे विचाराल तर आम्ही टॉर्च म्हणू. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकवलेल्या आरोग्य सेवकांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली. २००५ मध्ये जो निकाल आला त्यात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्के कमी झालेले दिसले. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवायला सुरुवात केली, देशातली ती अशी पहिली नोंदवही. नोंद घेणारे लोक गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत. तेवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. कोणतेही मोठे यंत्र न आणता हे घडले.

वर्षावासात संध्याकाळी विहारात माणसे जमतातच. तिथे एक दिवस आशाताईंना बोलावून सगळ्यांची तोंडे पाहायला अर्धा तास लागतो. महिन्यातून एकदा घरी आरशासमोर, दात काढून ठेवता येत असतील तर काढून, उजेडात पाहायचे. गाल आतून दोन्ही बाजूंनी ओढून, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जिभेखाली, हिरडीची खाच. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, लाल मखमलीसारखा डाग, तीन आठवड्यांत न भरलेला छाला, विनाकारण हलणारा दात, मानेतली न दुखणारी गाठ, बदललेला आवाज. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील तर तोंड आखडायला लागले आहे. यापैकी काही असले तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येते. पुढे पुण्याला ससून आहे, बार्शी आहे, मुंबईत टाटा आहे. तुकडा काढून तपासायला सांगितला तर घाबरू नका, त्या तुकड्याशिवाय उपचार सुरूच होत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन, सेक आणि केमो बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि रुग्णालयात शिरताच योजनेच्या आरोग्यमित्राची खिडकी शोधा. पैसे भरून झाल्यावर योजना आठवली तर पंचाईत होते. रेल्वे आणि एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, तो पहिल्याच फेरीत मागून घ्यावा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन लागतो आणि पैसे पडत नाहीत. पहिले तीन-चार दिवस डोके दुखते, चिडचिड होते, मशेरीची आठवण जेवणानंतर सगळ्यात जास्त येते. त्या वेळी बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी, सुपारी नको.